उभ्या मावशींचं स्टूल

चित्रांच्या दालनात राखण करणाऱ्या बाईंना सगळे 'उभ्या मावशी' म्हणत. अकरा वर्षं, दहा ते सहा, उभ्याच. बसायचं नाही, कारण बसलेला माणूस कामचुकार दिसतो. भिंतीला टेकायचं नाही, कारण डोक्याच्या तेलाचा डाग पडतो. दोन्ही नियम व्यवस्थापक साहेबांचे, आणि साहेब ते फिरत्या खुर्चीतून सांगत.

मावशींचं मागणं एकच, एक स्टूल. "बघू," साहेब म्हणत. अकरा वर्षं बघतच होते बिचारे.

मग मोठे चित्रकार आले. पीडितांची चित्रं काढणारे. हिरवे चेहरे, वाकडी हाडं, आणि तोंडं अशी वासलेली की दातांच्या डॉक्टरनं बॅटरी घेऊन आत शिरावं. मावशींचे सुजलेले पाय बघून ते गहिवरलेच.

"अहाहा! काय हे पाय! शतकांचा अन्याय आहे हो या घोट्यांत!"

"छे हो, उभं राहून सुजलेत. स्टूल मिळालं तर उतरतील."

"नको नको, उतरू देऊ नका!"

तीन आठवडे मावशी त्यांच्यासमोर बसल्या. स्टुलावर! तेही भरपगारी! इतकं सुख झालं की मान कलंडली, तोंड उघडं पडलं, लाळ ओघळली. चित्रकार थरथरत रंग फासत होते. "कोसळली! माणुसकी कोसळली!" मावशी घोरत होत्या.

चित्राचं नाव ठेवलं 'आक्रोश'. समोर तेच स्टूल, भोवती दोरी. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्या बाईंनी डोळे टिपले. "या माउलीला कुणी कधी 'बस गं' म्हटलं नसेल हो!" माउली दोन पावलांवर सरबताचा ट्रे धरून उभी होती.

मावशींनी धीर केला. "साहेब, आता हे स्टूल तरी..."

"वेड लागलं का मावशी? ती कला आहे!"

मावशींनी ट्रे साहेबांच्याच हातात दिला, दोरी ओलांडली आणि बसल्या. दोन मिनिटांत डोळा लागला. पाहुण्यांना वाटलं, हाही कलेचाच भाग. मग टाळ्यांचा नुसता कडकडाट!

दुसऱ्या दिवसापासून हुकूमच निघाला, रोज तिथंच बसायचं. पण तोंड पाडून. इथं घोळ झाला. बूड टेकलं की मावशींना हसूच फुटे. "मावशी, दुःख!" साहेब खेकसत. मग मावशी आपल्या जावेचं तोंड आठवून ओठ लोंबवत.

चौथ्या दिवशी चित्र विकलं गेलं. गिऱ्हाइकाला ते जेवणघरात लावायचं होतं. स्टूलही सोबत निघालं. मावशी दारापर्यंत धावल्या. "अहो, मग मी कुठं बसू?"

चित्रकारांनी हात जोडले. "मावशी, तुम्ही आता चित्रात कायमच्या बसलात!"

भिंतीवर खिळा तेवढा राहिला. मावशींनी त्याला आपली पिशवी अडकवली आणि पाठ, डोकं, सगळं भिंतीला टेकवलं.

"मावशी! डाग पडेल!"

"पडू द्या की," मावशी आणखी जरा रेलल्या. "खाली नाव लिहा न् विका."