जुडी न बांधलेली मेथी

फोन आला तेव्हा मी सिन्नरला माझ्या दुकानात एका मोटारीत तांब्याची तार भरत होतो. जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळून देणं हा माझा धंदा. वेढे मोजताना देव जरी समोर उभा राहिला तरी ‘थांब बाबा, शंभराच्या पुढे गेलोय’ असं त्याला सांगावं लागतं. भाच्याचा, नितीनचा फोन होता. ‘‘मामा, आई गेली. झोपेतच...’’ मी बरं म्हणालो, फोन ठेवला आणि पुढचा वेढा टाकला. मग कळलं, की आकडा विसरलाय. ती मोटार मी सगळी उसवली. आज पाच आठवडे झाले, आता कुठे लिहायला बसलोय.

सुलभाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मी जन्मलो तेव्हा माझ्या रडण्याने गावातल्या म्हशी दूध द्यायच्या थांबल्या, असं मी सांगतो. ताई सांगायची, की एकच म्हैस होती आणि ती आधीपासूनच आटलेली होती. माझ्या थापा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. चारचौघांत मी रंगात आलो की ती शेजारणीला शांतपणे म्हणायची, ‘‘चारने भागा आणि मग ऐका.’’

नाशिकला सिडकोत तिसऱ्या मजल्यावर तिचं घर, त्यावर गच्ची. नितीन दहावीत असताना दाजींची कंपनी बंद पडली. पुढे अंबडला दुसरीकडे काम मिळालं, पण पगार निम्मा. मी पाकीट घेऊन गेलो. ताईने ते उघडलंसुद्धा नाही. ‘‘बाळ्या, भाऊबीजेला ताटात घालतोस ते घेते ना मी? तेवढं पुरे. एरवी भावाचं घेतलं की घरातल्या माणसाची मान खाली जाते. त्यांची एवढीच एक गोष्ट शाबूत राहिलीय, ती राहू दे.’’ दाजी आत टीव्हीसमोर बसले होते. आवाज बंद होता.

त्याच आठवड्यात तिने जाहीर केलं, की यापुढे कांदे-बटाटे सोडून बाजारातून भाजी येणार नाही. द्राक्षांचा हंगाम संपला की फुटके क्रेट रस्त्याकडेला पडतात, ते तिने उचलून आणले, आत जुन्या साड्यांचं अस्तर लावलं, वाळका पाला आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा भरला, वर बोटभर माती. बिघडलेल्या वॉशिंग मशीनचं भोकाभोकांचं पिंपसुद्धा तिने सोडलं नाही, त्यात वांगी लावली. तांदूळ धुतलेलं पाणी ती असं जपून वर न्यायची, की वाटेत कुणाला वाटावं तीर्थ चाललंय. पहिल्या वर्षी निम्मी रोपं मेली. दुसऱ्या वर्षी मात्र तिचा दोडका गच्चीवरून खाली उतरला, रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेला आणि तिथे भाड्याने राहू लागला. बरं, चारने भागा... कठड्यावरून तो खालच्या मजल्याच्या खिडकीत गेला होता, एवढं मात्र शपथेवर.

तिचं शास्त्र साधं होतं. जे रोज चिमूटभर लागतं आणि बाजारात जुडीभर घ्यावं लागतं, ते आधी लावायचं : मिरची, कढीपत्ता, पुदिना. मग पालेभाज्या, कारण त्या महिन्याभरात ताटात येतात. मी एकदा विचारलं, ‘‘कोबी का नाही लावत?’’ तर म्हणे, ‘‘कोबी म्हणजे तीन महिने जावई पोसायचा आणि शेवटी एक दिवसाची भाजी.’’ भाजीचा खर्च अर्ध्याहून खाली आला. उन्हाळ्यात मात्र गच्ची तापायची, सगळं करपायचं आणि घरात आठवडाभर पिठलं चालायचं.

ते पिठलं माझ्या घशाखाली उतरेना. पैसे घेत नाही, बाजारातली भाजी घेणार नाही. मग मी आयुष्यातली सर्वांत मोठी थाप रचली. ताईला सांगितलं, की तुझं बघून मीही सिन्नरला गच्चीवर मळा केलाय आणि खाणारी माणसं कमी पडताहेत. त्यानंतर दर रविवारी मार्केटमधून भाजी घ्यायची, मुळांना दुकानासमोरची माती चोळायची आणि बस पकडायची. ‘‘घरचीच आहे गं, फुकट जाते.’’ ताई पिशवी घ्यायची, म्हणायची, ‘‘हात बसलाय हो तुझा.’’ मी खूश.

एकदा ती दाजींना घेऊन मळा बघायला येते म्हणाली. माझी झोप उडाली. मित्राच्या नर्सरीतून टेम्पोभर कुंड्या उसन्या आणल्या आणि मांडल्या. सगळी टोमॅटोची रोपं एकाच उंचीची, झेंडावंदनाला उभी राहिल्यासारखी. ताई रांगेतून फिरली. एका कुंडीवर नर्सरीच्या किमतीची चिठ्ठी राहिली होती. ताईने कुंडी अलगद फिरवली आणि चिठ्ठी भिंतीकडे केली. ‘‘सगळ्या बाजूंनी ऊन लागू दे रे.’’ मागून दाजी येत होते. मला वाटलं, तिला चिठ्ठी दिसलीच नाही. किती वर्षं असंच वाटत होतं!

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी जिना बंद केला. बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून ती नितीनला वर पाणी घालायला पाठवायची आणि तो खाली आला की मातीचा पुरावा म्हणून त्याची नखं तपासायची. एका रविवारी मला म्हणाली, ‘‘बाळ्या, तुझ्या गच्चीवरची मेथी खावीशी वाटतेय.’’

‘‘उद्याच आणतो.’’

‘‘उद्या नको. महिन्याने आण. तेवढा वेळ लागतो तिला. आणि जुडी बांधून आणू नकोस.’’

मी हातातली पिशवी खाटेखाली सरकवली. 

‘‘सुतळीने बांधून उगवणारी मेथी सगळ्या जिल्ह्यात तुझ्याच गच्चीवर रे,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्याच पिशवीत कळलं. खाली वॉचमनची मंगल आहे ना, तिच्या पोरींनी खाल्ली सगळी भाजी. नावं नाही ठेवली त्यांनी.’’

‘‘मग घेत कशाला होतीस?’’

‘‘परत पाठवली असती तर तू आला असतास का दर रविवारी?’’

घरी येऊन मी मेथी पेरली. पहिली चिमण्यांनी खाल्ली. दुसरीला मी इतकं पाणी पाजलं, की तिच्यात बदकं सोडता आली असती. बायको म्हणाली, ‘‘मोटारी जाळणारी तुमची गिऱ्हाइकं बरी, तुम्ही तर पाणी घालून मेथी जाळता.’’ तिसरी उगवली. दोन मुठी, बुटकी, पिवळसर. तेवढी रुमालात गुंडाळून मी बसमध्ये मांडीवर धरून नेली.

ताईने ती स्वतः निवडली. एक पान उजेडात धरलं. ‘‘भोकं आहेत. म्हणजे खरी आहे.’’ भाजी झाली तीन घासांची. तिने आधी दाजींच्या ताटाकडे वाटी नेली. ‘‘बाळ्याने पिकवलीय. वाढू?’’ दाजींनी माझ्याकडे बघितलं. ‘‘वाढ की. त्याने माती कालवलीय, आपण खायला काय जातंय!’’ मग ताईने स्वतः घेतली. भाऊबीज सोडून माझं असं तिने घेतलेलं तेवढंच.

निघताना तिने मला धन्यांची पुडी दिली. पुढची पायरी कोथिंबीर. ‘‘अख्खा धना पेरायचा नाही. चपलेखाली हलका रगडायचा, दोन फाका झाल्या पाहिजेत. जोर लावलास तर मसाला होईल.’’ ती कोथिंबीर वर यायच्या आधी नितीनचा फोन आला.

आता मी दर पंधरा दिवसांनी एक क्रेट पेरतो. दुकान बंद केलं की पायरीवर कागद अंथरतो आणि चपलेने धने रगडत बसतो. येणारे-जाणारे विचारतात, काय चाललंय. एरवी मी त्यांना काहीबाही ठोकून दिलं असतं. या एका कामाबद्दल मी सरळ सांगतो, की ताईने असंच सांगितलंय.

गेल्या रविवारी कोथिंबिरीच्या दहा-बारा काड्या निघाल्या. त्या घेऊन सिडकोत गेलो. दाजींनी पोहे केले होते, दोन बशांत वाढले. काड्या हातात घेऊन बघितल्या, विळीवर बारीक चिरल्या आणि आधी स्वतःच्या बशीत घातल्या. मग विचारलं, ‘‘पुढच्या रविवारी काय आणतोस?’’