चौदा पॉइंट चार

सकाळी सात पन्नासला घाटनांदूरच्या फकीरभाईंनी आसारामच्या गाडीची बॅटरी चार्जरला लावली आणि मीटर बघत बटण पाचव्या आकड्यावर नेलं. चौदा पॉइंट चार व्होल्ट. गेली एकवीस वर्षं ते हेच करतात. दुकान गावाच्या कडेला, शेतातल्या पाण्याच्या मोटारींच्याच डीपीवर, म्हणजे त्याच ट्रान्सफॉर्मरवर. मोटारी चालू असल्या की व्होल्टेज पडतं, म्हणून बटण वर लागतं. दोनला शेतीची लाईट गेली की व्होल्टेज उसळतं आणि वर ठेवलेल्या बटणानं बॅटरी उकळते. त्यामुळे दोनच्या ठोक्याला ते चार्जरसमोर असतात.

आसारामच्या गाडीचा दिवा रात्रभर चालू राहिला होता. त्याला आईला, वच्छलाबाईंना, दुसऱ्या दिवशी पहाटे डायलिसिससाठी अंबाजोगाईला न्यायचं होतं. नवी बॅटरी गावात मिळत नव्हती. संध्याकाळी पाचला होईल, असं फकीरभाईंनी सांगितलं होतं, तरी तो बाकावरून हलला नाही. बटण वर घ्या, असं त्यानं तीनदा सुचवलं.

फकीरभाई दुपारच्या, जोहरच्या नमाजला गेले. दोनला दहा कमी असताना परतले, तर आंबूस वास येत होता. बॅटरी बुडबुडत होती, बटण सहावर होतं. मीटर पंधरा पॉइंट तीन दाखवत होतं. त्यांनी आधी बटण खाली घेतलं, मग आसारामकडे पाहिलं.

“उपाशी माणसाच्या तोंडात एकदम चार भाकरी कोंबतो का बे?”

“माय सकाळी वाट बघल, भाई. तिला काय सांगू, बॅटरी हळू जेवती म्हणून?”

“दोन वाजले की बघ, मंग बोल.”

दोनला मोटारी थांबल्या. पाचवर असूनही काटा पंधरा पॉइंट सहाला गेला. फकीरभाईंनी बटण तीनवर आणलं, काटा चौदा चारवर टेकला. सहावर राहिलं असतं तर काय झालं असतं, हे आसारामला विचारावं लागलं नाही. त्यानं स्वतःहून चहा सांगितला आणि पाचपर्यंत बटणाकडे हात नेला नाही.

पाचला चार्जर काढला. बॅटरीतलं उकळून कमी झालेलं पाणी भरून झालंच होतं. तासभर बॅटरी तशीच ठेवून मोजली, बारा पॉइंट सात, म्हणजे पूर्ण भरलेली. गाडीला जोडली, पहिल्याच किल्लीला इंजिन लागलं. फकीरभाईंनी हात पुसले. त्यांना बरं वाटलं.

उद्या शुक्रवार. वच्छलाबाईंची डायलिसिसची पाळी सकाळी साडेसातची आहे. आसाराम सहाला निघेल.