तात्यांना काहीच पटत नाही: भवानीनगरचे तीन दिवस

जानेवारी संपता संपता वैशालीचा फोन आला. वैशाली म्हणजे माझी नणंद, मंदारची धाकटी बहीण. लग्न होऊन इंदापूर तालुक्यात भवानीनगरला गेली, कारखान्याचा भोंगा घरात ऐकू येईल इतक्या जवळ.

"वहिनी, ऊस तुटला. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी काढा आणि या. माझ्या बाजूनं बोलणारं एक तरी माणूस मला इथं हवंय."

विरुद्ध बाजूला कोण, हे विचारायची गरज नव्हती. तिचे सासरे, तात्या. या माणसाला जगातली कुठलीच नवी गोष्ट पटत नाही आणि जुन्यांपैकीही मोजक्याच पटतात.

भांडण कशावरून ते आधी सांगते. ऊस तुटून गेला की शेतात वाळल्या पानांचा जाड थर उरतो, ते पाचट. तिकडची रीत अशी की संध्याकाळी वारा पडला की काडी लावायची. घटकाभरात शेत मोकळं. वैशाली शेतकी कॉलेजात शिकलेली. तिचं म्हणणं, पाचट जाळू नका, सरीतच कुजू द्या. ओल टिकते, माती सुधारते, गावभर धूर होत नाही. तात्यांनी बरीच वर्षं दाद दिली नाही. यंदा मात्र ओढ्याकडचा एक तुकडा तिच्या हवाली केला, तोही अट घालून. तुटल्या बुडख्यांतून जे पीक पुन्हा फुटतं त्याला खोडवा म्हणतात. "ह्या खोडव्याला दाखव. जमलं तर फुडं सगळ्या शेताचं तू बघ. न्हाय जमलं तर ह्यो विषय घरात पुन्हा न्हाय." वैशालीचा नवरा कारखान्यात शिफ्टला, तो बायको आणि बाप यांच्या मधे पडत नाही. शहाणा आहे.

म्हणून आम्ही निघालो. मंदारनं नवी इलेक्ट्रिक गाडी घेतलीय आणि तो येईल त्याला तिचं कौतुक ऐकवत असतो. माझं मत विचाराल तर गाडी छान आहे, पण प्रवासभर नवऱ्याची नजर रस्त्यावर कमी आणि बॅटरीच्या आकड्यावर जास्त, हे काही मला मानवत नाही.

हडपसर सुटेपर्यंत जीव जातो, त्यामुळे सकाळी लवकर निघा. यवतच्या आसपास मिसळ खाल्ली, पाटसला उजवीकडे वळलो आणि बारामतीत एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगला थांबलो. दोन यंत्रं होती. एक बंद होतं, दुसऱ्याला आधीच एक गाडी जोडलेली. शेजारच्या टपरीवर चहा घेत बसलो. फेटेवाले एक आजोबा गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आले.

"ही इजंवर पळती व्हय?"

"हो ना! धूर नाही, आवाज नाही," मंदार खुलला.

"आन इज कशावर पळती?"

मंदारनं सौरऊर्जेपासून सुरुवात केली. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चांगलं हाय. पर आमच्याकडं शेताला इज येती ती जाती बी. मग गाडीला पाजायची का मोटारीला?" आणि उत्तराची वाट न बघता बशीतला चहा भुरकायला लागले. मला इतकं हसू आलं की ठसका लागला. (सूचना: तुमचीही गाडी अशीच असेल तर बारामतीतच पोट भरून घ्या. पुढं नशिबावर आहे.)

बारामती ते भवानीनगर रस्ता चांगला आहे, पण हंगामात तो उसाच्या वाहनांचा असतो आणि आपण तिथं पाहुणे असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, त्यावर मावेल त्याच्या दीडपट ऊस, आणि चालकाच्या डोक्यावर कर्णा लावून गाणी. हॉर्न ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही. ओव्हरटेकची घाई करू नका. हवेत मळीचा आंबूस गोड वास येतो, तासाभरात नाक सरावतं.

तात्या ओट्यावरच बसले होते. उंच, काटक, डोळ्यांत कायम "बरं, मग?" असा भाव. हातपाय धुतो न धुतो तोच त्यांनी विषय काढला.

"पाव्हणं, तुमी कंप्युटरमधली माणसं. शेजारच्या गावात एकाच्या उसात पांढरा डबा बशिवलाय. उसाला तहान लागली की डबा पुण्याला सांगतो, पुणं मोबाईलवर मालकाला सांगतं. आन मालक तितंच बांधावर हुबा!"

"पण तात्या, त्यामुळं पाणी वाचतं," मंदार म्हणाला.

"वाचत आसंल की. मी न्हाय म्हणलं का? मी म्हणतो, दाखवा. कंपनीचा माणूस येतो, हिरव्यागार उसाचा फोटू दाखवतो. मी म्हणतो, बाबा, शेजारच्या वावराचा फोटू कुठं हाय? दोनी शेजारी शेजारी ठिव, मग मी बोलतो. तर त्यो लगीच गाडीत बसतो."

चहाबरोबर हवामानबदलाची पाळी आली. तो होतोय हे त्यांना मान्य आहे. पाऊस कसा वेड्यासारखा वागतो ते टीव्हीनं सांगायची त्यांना गरज नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा. "इमानात बसून परिषदेला जाणारा माणूस माझ्या पाचटाच्या धुराला नावं ठिवतो. ऊस लय पाणी पितो म्हणं. मग चा बिनसाखरंचा प्या की! कोण पितंय?" मी माझ्या कपाकडे बघितलं. दोन चमचे होती.

वैशालीनं भाकरी थापता थापता मला डोळ्यांनीच विचारलं, बघितलंत? मी तिच्या बाजूनं बोलायला आले होते, पण खरं सांगते, म्हातारा निम्म्या गोष्टी बरोबर बोलत होता आणि त्याचाच मला वैताग येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशालीनं तिचा तुकडा दाखवला. सरींमधून सारखं पसरलेलं, सोनेरी पाचट. बुडखे जमिनीलगत छाटलेले. ती वाकून पानं सारखी करत होती, अंथरुणावरची चादर नीट करावी तशी. "उद्या पाण्याची पाळी आहे. एकदा भिजलं की बसतं, मग भीती नाही. तोवर नुसतं वाळलेलं गवत आहे हे." पलीकडच्या बांधावरून शेजारचे दत्तूआबा हात हलवत होते. त्यांचाही ऊस त्याच आठवड्यात तुटलेला. दहा वर्षांच्या शेजारात या दोन घरांनी एकमेकांचं कुठलं काम अडू दिलेलं नाही, असं वैशालीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं.

मग पळसदेव. वैशाली यायला तयार नव्हती, मीच ओढून नेलं. "पाचट कुठं पळून चाललंय का?" असं म्हणाले. जिभेला हाड नसतं ते हे असं. तात्याही निघाले, बिनआवाजाच्या गाडीत बसून तिच्यातली खोट काढायची होती त्यांना.

पळसदेव उजनी धरणाच्या फुगवट्यावर आहे. पाणी इतकं पसरलेलं की पलीकडचा काठ धूसर दिसतो. नावेत बसायचं असेल तर भाडं आधी ठरवा, आणि टोपी न्या. तिथलं प्रसिद्ध जुनं देऊळ आम्हाला दिसलं नाही, ते या दिवसांत पाण्याखाली असतं.

"उन्हाळ्यात पाणी हटलं की वर येतं," तात्या म्हणाले. "वर आलं की टीव्हीवाले येत्यात. दुष्काळ, दुष्काळ. बुडलं की एक बी फिरकत न्हाय. बुडल्याली बातमी नसती."

काठावरच्या एका घरगुती खानावळीत चिलापीचं कालवण, तळलेला तुकडा आणि ज्वारीची भाकरी. दोघांचं पाचशेच्या आत पोटभर होतं. जिभेवर आठवडाभर रेंगाळेल अशी चव. तात्यांनी मंदारला काट्यांसकट मासा कसा खायचा ते शिकवलं आणि चक्क गाडीला "बसायला बरी हाय" असं प्रशस्तिपत्रक दिलं. सगळं इतकं छान चाललं होतं की परत निघायला उशीर झाला.

ऊन उतरलेलं. कारखान्याची चिमणी दिसायला लागली तसा वैशालीनं पुढच्या सीटला हात घातला. "तो धूर कुठला?"

त्या दिवसांत तिकडं संध्याकाळी कुठं ना कुठं धूर असतोच. पण हा ओढ्याकडून येत होता. मंदारनं बॅटरीकडे न बघता गाडी दामटली.

दत्तूआबांचं वावर काळं झालेलं, आणि वैशालीच्या तुकड्यात आग तडतडत पुढं सरकत होती. दत्तूआबा बांधावर काठी घेऊन निवांत उभे, आम्हाला बघून हसले. "या तात्या! म्हणलं पाव्हण्यांच्या गडबडीत तुमचं जाळायचं राह्यलं आसंल. माझं लावलंच हुतं, वारं बी पडल्यालं, तुमचं बी उरकून टाकलं. आता फक्कड चा पाजा!"

शेजाऱ्याचं राहिलेलं काम आपल्याबरोबर उरकून टाकायचं, हीच तिथली रीत. माणसानं उपकार केला होता हो!

चपला फेकून वैशाली शेतात घुसली आणि आगीच्या पुढचं पाचट हातांनी ओढून बाजूला टाकायला लागली. तिच्यामागं धोतराचा काचा मारून तात्या. "आडवी पट्टी मोकळी करा! सूनबाई, तू त्या टोकानं! पाव्हणं, लिंबाचं डहाळं आना!" मंदार धावला, मी पदर खोचला आणि मिळेल ते ओढायला लागले. धुरानं डोळे चुरचुरत होते, हातांना पानांच्या कडांनी कापलं. गोंधळलेले दत्तूआबासुद्धा स्वतः लावलेली आग विझवायला धावले. शेवटी मोकळ्या केलेल्या पट्टीपाशी येऊन आग थांबली. अर्धा तुकडा वाचला होता. अर्ध्यावर राख.

वैशाली बांधावर बसली आणि रडायला लागली. "संपलं वहिनी. आता काय दाखवू मी?" तिला ओढून नेणारी मी. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की तिच्या पाठीवर हात ठेवायचीही लाज वाटली.

"पर तात्या," दत्तूआबा पुटपुटले, "तुमीच तर चावडीवर म्हणत हुता, सुनंची थेरं हायती म्हणून."

तात्या इतके भडकले की त्यांचा आवाज फाटला. "म्हणत हुतो! माझी सून हाय, मी म्हणीन! तू कोण काडी लावणारा?"

वैशालीचं रडणं एकदम थांबलं. दत्तूआबा मान खाली घालून उभे. मग तात्याच म्हणाले, "चल, चा घ्यायला चल," आणि दोघं पुढं-मागं चालत घराकडे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला शेतावर गेलो तर तात्या आधीच हजर. राख आणि पाचट यांच्या सीमेवर त्यांनी दोन्ही बांधांवर एकेक दगड रोवला होता.

"सूनबाई, पाळीचं पाणी दोनीकडं सारखं सोड. खत बी सारखं. आजपातुर मला कुणी शेजारी शेजारी दाखवलं न्हवतं. दत्त्यानं मांडून दिलं बघ."

"आणि अट, तात्या?"

"अट तीच हाय," ते म्हणाले. "मी बघणार. डोळं झाकून हो म्हणणार न्हाय."

येताना भिगवणच्या बाजूनं आलो. काठावर थांबून रोहित पक्षी बघितले, दुर्बीण असेल तर न्या. मंदार चार्जिंगबद्दल गप्प होता आणि मीही त्याला छेडलं नाही. दोघांच्या कपड्यांना धुराचा वास येत होता, तो धुतल्यानंतरही दोन दिवस गेला नाही.

घरी आल्यावर लोक विचारतात, मग कोण बरोबर? पुण्यात बसून मला आधी याचं उत्तर चटकन देता यायचं. आता मी विचारते, शेजारचा फोटो आहे का? ऑफिसात एकानं परवा नव्या एआयचं भजन सुरू केलं तर त्यालाही हेच विचारलं. तो लगेच मीटिंगला गेला.

फेब्रुवारीत वैशालीचा फोन आला तेव्हा ती रडवेली होती. राखेतला खोडवा आधी फुटला होता, हिरवागार. पाचटातला मागं. मी काहीतरी समजूत घातली, जिच्यावर माझाही विश्वास नव्हता.

मार्चच्या शेवटी ऊन तापलं आणि तिनं एक फोटो पाठवला. दुपारची वेळ, तात्या तिच्या तुकड्यात उकिडवे बसलेले, मनगटापर्यंत हात पाचटाखाली घातलेला. खाली तिनं लिहिलं होतं, "रोज येऊन ओल चाचपतात. मी बघितलं हे त्यांना सांगू नका."

त्याच संध्याकाळी तात्यांचा आवाजी निरोप आला. आयुष्यातला पहिलाच असावा, कारण सुरुवातीला नुसताच श्वास ऐकू येत होता.

"ताई, मी बोलतोय. राखंतल्या उसानं माना टाकल्या, पाणी मागतोय. पाचटातला आजून टवटवीत हाय. निकाल लागला आसं मी म्हणत न्हाय, तोडणीला बघू. पर दत्तूचा पल्याडचा तुकडा मागाहून तुटला. काल त्यो काडी घिऊन निघाला हुता. मी म्हणलं, थांब. का म्हणला. मी म्हणलं, आदी आमच्या सूनबाईला इचार." आणि शेवटी, "ह्ये वैशालीला सांगू नका. डोक्यावर बसंल."

मी दोघांनाही शब्द दिला आहे आणि दोघांचंही इथं लिहून टाकलं आहे. वैशाली हे वाचेलच. तात्या वाचणार नाहीत. इंटरनेटवरचं काही खरं नसतं, असं त्यांचं ठाम मत आहे.