आत्याचा गंज आणि माझा पास्ता

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या. माझं ठरत आलेलं लग्न मी एका फोनवर कसं बुडवायला निघालो होतो, ते सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण माझ्या आईसमोर हा विषय काढू नका. ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते आणि त्यात मी आणखी बावळट दिसतो.

तर मी आयर्लंडला शिकायला होतो. गोंदियाजवळच्या गोरेगावचा पोरगा, भाताच्या बांध्यांतून उठून थेट तिकडे. घरी पाण्याचा गडूसुद्धा आई हातात द्यायची. तिकडे गेल्यावर कळलं की भूक आपल्याला लागली तर उठायचंही आपणच असतं. मग मी एक पदार्थ शिकलो. पास्ता. एकाच भांड्यात पाणी, मीठ, पास्ता, टोमॅटो, लसूण सगळं एकदम टाकायचं, झाकण ठेवायचं आणि पुस्तक उघडायचं. पुस्तकाचं पान उलटेपर्यंत जेवण तयार. शिक्षण संपेपर्यंत मी तेच खाल्लं. दुसरं काय येतं, असं कृपा करून विचारू नका.

परत आलो आणि गोरेगावातच कॉलेजात शिकवायला लागलो. खोली करून राहणारी पोरं पाहिली, तर बिचारी चहात बिस्किटं बुडवून रात्रीचं जेवण उरकायची. मला राहवलं नाही. रविवारी दोघातिघांना जमवून मी त्यांना माझा एका भांड्यातला पास्ता शिकवू लागलो. झालं, गावात बातमी पसरली की सर बाहेरून स्वयंपाक शिकून आले. मी ती खोडली नाही. माणसाला फुगायला कितीसं लागतं?

तेवढ्यात नागरा गावचं स्थळ आलं. मुलीचं नाव प्रणाली, सरकारी दवाखान्यात नर्स. आम्ही पाहायला गेलो. ती मला बघताक्षणी आवडली आणि मी बशीतल्या चहाकडेच बघत बसलो. तिनं मात्र सरळ विचारलं, "तुमी पोट्ट्यांले स्वयंपाक शिकवून राहिले म्हणे?"

"हो."

"काय काय येते?"

"तिकडचं सगळं," मी म्हणालो. या दोन शब्दांनी माझा घात केला.

"मंग रविवारी आमीच येतो तुमच्या घरी जेवाले. माझी रात्रपाळी राहते जी. थकून आल्यावर घरी कोनी चूल पेटवनारा पाहिजे. खाऊन पाहतो, मंग सांगतो हो का नाही ते."

तिचे वडील, म्हणजे नागऱ्याचे काकाजी, मिशीत हसले. त्यांना गंमत वाटली. मला मात्र रात्री झोप येईना, कारण पोरगी मनात भरली होती आणि तिचा होकार आता माझ्या पास्त्यावर टांगला होता.

आणि घरात मोठं भांडं नव्हतं. आमचा मोठा गंज, म्हणजे मोठं पातेलं, सालेकशाच्या सुमन आत्यानं नेला होता तो तिकडेच राहिला होता. आत्याचं घर जंगलाला लागून. फोनला रेंज फक्त अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली, आणि मागून रेल्वेलाइन. मी फोन लावला.

"आत्या, रविवारी आपल्या घरी पास्ता आहे. आपला मोठा गंज घेऊन ये."

नेमकी मालगाडी आली. तिचे डबे संपेपर्यंत आम्ही दोघं नुसतं हॅलो हॅलो करत राहिलो.

"काय आहे म्हणते रविवारी?"

"पास्ता, पास्ता."

आत्याचा आवाज भरून आला. "आन मले आता सांगून राहिला? सख्ख्या आत्याले?"

मला वाटलं, बिचारी किती हळवी, साध्या पास्त्यासाठी रुसली. म्हटलं, "अगं, घाईत ठरलं. नागऱ्याच्या पोरीनंच हट्ट धरला."

"पोरीनंच? बाई गं." मग हळूच, "बरं, लाल का हिरवा?"

मी चाट पडलो. पास्ता लालही असतो आणि हिरवाही, हे सालेकशात बसून आत्याला माहीत? "लालच. हिरवा मला जमत नाही."

"लालच शोभते गा. आन वरून काई?"

"वरून चीज. महाग आहे, पण त्याच्याशिवाय मजा नाही."

"असन महाग, त असू दे बाबू. एकदाच त होते. कितीजन येऊ?"

"या ना, जेवढे याल तेवढे." असं आपण सगळेच म्हणतो. कोणी खरंच येतं का?

रविवारी प्रणाली, काकाजी आणि काकू वेळेवर आले. बाबा त्यांच्याशी बाहेर धानाच्या गोष्टी करत होते. मी स्वयंपाकघरात लसूण सोलत होतो आणि घाईत लसणापेक्षा बोटंच जास्त सोलली. गंज अजून आला नव्हता. तेवढ्यात दारात काळीपिवळी जीप थांबली.

तिच्यातून माणसं उतरू लागली आणि उतरतच राहिली. आत्या, तिचे दीर, जावा, सुना, लेकरं, सगळी ठेवणीतल्या कपड्यांत. आत्याच्या कमरेवर आमचा गंज, आणि गंजात नारळ, खण, हळदकुंकू. प्रणालीला पाहताच तिनं गंज खाली ठेवला आणि सरळ तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

"सूनबाई, चाल. लाल शालू पाहू तुले."

काकाजी चहाचा कप धरून उठले. "कोनाचा शालू?"

"अजी, आज बस्ता न तुमच्या पोरीचा? म्हणून त आलो आमी."

बस्ता. लग्नाची कापडखरेदी. मी आत टोमॅटो हातात धरून उभा होतो आणि डोक्यात पास्ता, बस्ता, बस्ता, पास्ता असं सुरू झालं. फोनवरचं ते सगळं बोलणं एकदम आठवलं.

बाहेर काकाजींचा आवाज चढला. "आमची पोरगी अजून हो म्हणाली नाही, आन तुमी गाडीभर मानसं घेऊन कापड घ्याले निघाले? काय समजून राहिले आमाले?"

"मले काईच मालूम नाही जी," बाबा म्हणाले. ते खरं होतं.

मी झारा घेऊनच बाहेर धावलो. "काकाजी, पास्ता. मी पास्ता म्हटलं होतं. खायचा असतो."

आत्या माझ्याकडे वळली. "मंग मी लाल का हिरवा विचारलं, तवा काऊन लाल म्हटला?"

"टोमॅटोनं लाल होतो तो."

"आन वरची महागाची चीज?"

"चीज पण खायचंच असतं."

प्रणालीनं ओढणीत तोंड लपवलं, तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे. संपलं सगळं.

"बसा जी," आत्याच काकाजींना म्हणाली. "चूक पोट्ट्याची आहे. आता आले त खाऊन जा." काकाजी बसले, पण खुर्चीच्या अगदी काठावर. चप्पल पायातच होती.

आता सांगा, पाकिटं पाहुण्यांपुरती आणि अंगणात अर्धं सालेकसा. मी घाबरून गंज पाण्यानं भरला, होता नव्हता तो पास्ता टाकला, भरीला घरच्या शेवया टाकल्या, टोमॅटो हातानंच चुरले. आणि झाकण ठेवून देवाचं नाव घेत बसलो, ते ढवळायचं राहिलंच. झाकण काढलं तर आत खळ. आत्यानं डोकावून पाहिलं.

"यानं त पतंगा चिकटतीन," ती म्हणाली.

काकाजींनी एक चमचा तोंडात घातला आणि पाणी मागितलं. नशीब, आईनं मला न विचारता भात आणि वरण मांडून ठेवलं होतं. तिनं मला लहानाचं मोठं केलं आहे, तिला अंदाज होता. सगळे वरणभात जेवले. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, आणि मीही कोणाकडे पाहिलं नाही.

मी तो करपलेला गंज उचलून मागच्या नळाशी नेला. आयर्लंडला आम्ही सहा जण एका घरात राहायचो, आणि जो भांडं खरकटं ठेवी त्याचं भांडं त्याच्याच पलंगावर सापडायचं. त्यामुळे सवय होती. राख आणि नारळाची शेंडी घेऊन घासत बसलो. रडू यायचंच बाकी होतं.

प्रणाली हात धुवायला आली. "हे कोनी सांगतलं तुमाले?"

"कोणी नाही. घाण मीच केली." मग म्हटलं, जाऊच दे, आता लपवून काय मिळणार. "तिकडचं सगळं येतं म्हटलं ना, ते खोटं होतं. एवढा पास्ताच येतो. आणि तो तुम्ही पाहिला."

"पाह्यला," ती म्हणाली. मग वाकून गंजात बोट दाखवलं. "तिथं बुडाले लागून आहे अजून." आणि निघून गेली.

मी घासणं थांबवलं. समोरच्या अंगणातून तिचा आवाज येत होता.

"बाबा, स्वयंपाक मी शिकवीन त्याले. पन न सांगता भांडे घासनारा मानूस आपल्या नागऱ्यात एक तरी आहे का?"

काकाजी मिशी चाचपू लागले. काकूंनी मात्र तिथल्या तिथं मोठ्यानं हो म्हणून टाकलं.

पुढे खरा बस्ता ठरला. मी आत्याला फोन करून सांगितलं, "आत्या, बस्ता. बदकाचा ब." ती म्हणाली, समजलं. गोंदियाच्या कापडदुकानात तीच काळीपिवळी भरून माणसं आली, आणि प्रत्येकाच्या हातात जेवणाचा डबा.

दुकानदार बघतच राहिला. "माताजी, इतने डब्बे? आगे कहीं घूमने जा रहे हो क्या?"

आत्यानं लाल शालूचा पदर बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे मान केली.

"नाही जी. नवरदेव बाहेरून स्वयंपाक शिकून आला आहे. कवा काय खाऊ घालन, भरोसा नाही."