दुसऱ्या खुर्चीसमोरचा मासा

आमच्या घरात नवरा-बायकोचं कशावरून वाजत असेल, तर ते एका बोटाएवढ्या माशावरून. खायचा मासा नव्हे, बघायचा. फायटर म्हणतात त्याला. निळा, कडांना लाल, लांब शेपटीचा. आणि स्वभाव असा की दुसरा फायटर दिसला की कल्ले फुगवून अंगावर धावणार. म्हणून कायम एकटा, काचेच्या बरणीत. आता हे सगळं मला ठाऊक असायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी आपली पडद्यामागची बाई.

पडदा म्हणजे खराच पडदा. पुढे आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान, मागे आमच्या दोन खोल्या, आणि मधे फुलाफुलांचा एक पडदा. दुकानात जे काही बोललं जातं ते मला भाजी चिरता चिरता ऐकू येतं. कोणाचं कुठे जमलं, कोणाचं कुठे मोडलं, कोणाचा जावई कसा निघाला. हे स्वतः मात्र हूं की चूं करत नाहीत. केस कापणारा माणूस इतका घुमा कसा, असं माझ्या आईनं लग्नाआधी विचारलं होतं. तेव्हाही ह्यांनी उत्तर दिलं नव्हतं.

दुकानात दोन खुर्च्या. दाराजवळची ह्यांची, खिडकीजवळची धाकट्या भावाची, म्हणजे माझ्या दिरांची. सासू-सासरे लवकर गेले. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर शाळेत जात होते. म्हणायचं भावजी, पण त्यांचं नाक मी पुसलंय. ह्यांनी त्यांच्या हातात आधी कंगवा दिला, मग कात्री, आणि सगळ्यात शेवटी वस्तरा. वस्तरा शिकवताना गिऱ्हाइकाचा नको म्हणून स्वतःचा गाल पुढे केला. त्या गालावर अजून एक बारीक खूण आहे. कोणी विचारलं तर हे म्हणतात, "भावाची सही आहे."

भावजींचा हात हलका आणि तोंड अखंड चालू. ते होते तेव्हा दुकान हसत असायचं. मासाही त्यांनीच आणला. खिडकीजवळच्या आरशासमोर फळीवर बरणी ठेवली आणि बघतात तर काय, मासा आरशातल्या स्वतःशीच भांडतोय. गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी उठून बघायला लागली. "दिवसभर असाच भांडला तर दमून जाईल बिचारा," भावजी म्हणाले, आणि बरणी आणि आरसा यांच्या मधे त्यांनी एक पुठ्ठा उभा केला. रोज सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाची दाढी होईपर्यंत पुठ्ठा काढायचा, तेवढा व्यायाम त्याला पुरतो म्हणे. दाढी झाली की पुठ्ठा परत जागेवर.

मग भावजींना बोटीवर काम मिळालं. प्रवासी घेऊन देशोदेशी फिरते तसली मोठी बोट. तिच्यात दुकानं असतात, नाचायला जागा असते, आणि केस कापायचं सलूनही असतं. निघायच्या सकाळी त्यांनी बरणीतलं पाणी स्वतः बदललं आणि ह्यांना म्हणाले, "दादा, हा मासा जगतो फार तर दोन-तीन वर्षं. हा आहे तोवर मी परत येतो. मग दोघं मिळून दुकान मोठं करू."

"बघ," हे म्हणाले. एवढंच.

मी पडद्याशी उभी होते. मनात म्हटलं, अहो, भाऊ निघालाय, जरा जवळ घ्या, जाऊ नको म्हणा, लवकर ये म्हणा, काहीतरी म्हणा. छे. ह्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीवर चादर घातली आणि आपल्या खुर्चीवर पुढच्या गिऱ्हाइकाला बसवलं. त्या दिवशी कोणाचे केस कसे कापले देव जाणे, संध्याकाळी दोघं तक्रार घेऊन आले.

पण माशाला ह्यांनी जो जीव लावला, काय सांगू. मी तापानं फणफणत असताना मला कोणी इतकं जपलं नव्हतं. नळाचं पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचं, मग ते बरणीत. केसांचे तुकडे आत पडू नयेत म्हणून बरणीवर पातळ कापड. पावडरचा डबा त्या बाजूला न्यायचा नाही. आणि सकाळी पुठ्ठा काढायचा तो पहिल्या दाढीपुरता, न चुकता.

एकदा पाण्यावर पांढरा फेस दिसला. मला वाटलं, दाढीचा साबण उडाला. फोनवर भावजी म्हणाले, "वहिनी, ते घरटं आहे. नर बांधतो, मादी येणार म्हणून."

"पण इथे मादी कुठंय?"

"नसली तरी बांधतो."

हे बाजूलाच होते. त्या दिवशी पाणी बदलायचं होतं ते त्यांनी बदललं नाही. घरटं विरेपर्यंत थांबले.

दुकान बंद असेल त्या दिवशी भावजींचा फोन यायचा. बोट कुठल्या ना कुठल्या बंदरात असायची, आवाज तुटत तुटत यायचा. पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, मासा कसा आहे?" मग तब्येत, मग मी, मग पाऊसपाणी. हे म्हणायचे, "आहे." फोन ठेवला की ह्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. तो मासा आहे तोवर भाऊ येणार, हे ह्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि दुसऱ्या वर्षी एका सकाळी मासा बरणीत आडवा तरंगताना दिसला.

खुर्चीत मास्तर बसले होते. शाळेतून कधीच निवृत्त झालेत, पण आमच्या गल्लीत अजून मास्तरच. गालाला फेस लावून झालेला. ह्यांनी मासा दाढीच्या वाटीत घेतला, मास्तरांना तसंच बसवलं आणि निघाले. शोभेचे मासे विकणाऱ्याचं दुकान चौकापलीकडे आहे. तिथे काय झालं ते त्या दुकानदारानंच पुढे मला सांगितलं. त्यानं विचारलं, "काय देऊ?" ह्यांनी वाटी पुढे केली. "हा."

"अहो, हा मेलाय."

"म्हणूनच."

हे नवा मासा घेऊन आले, बरणीत सोडला, हात धुतले आणि मास्तरांच्या गालावरचा वाळलेला फेस पुसून नवा लावला. "मास्तर, तुम्ही काही पाहिलं नाही," हे म्हणाले.

"चष्मा काढलेला होता माझा," मास्तर म्हणाले.

मी पडदा सारून बाहेर आले. "अहो, हा काय पोरखेळ?"

"तो म्हणालाय, हा आहे तोवर येतो. मग असायला नको?" ह्यांच्या तोंडावर चांगलाच गंभीरपणा होता. म्हटलं, जाऊ दे, भावासाठी जीव तुटतोय माणसाचा, एका माशानं काय बिघडणार आहे.

त्यानंतर फोन आला. "दादा, मासा?"

"आहे."

"अजून आहे? वा. म्हणजे अजून वेळ आहे तर," भावजी म्हणाले, आणि दुसरंच काही बोलायला लागले. हे खूश. माझ्या मनात मात्र ते वाक्य कुसळासारखं रुतून बसलं.

तर असं ते सुरू झालं. दुसरा गेला, तिसरा आला. तिसरा गेला, चौथा आला. मासेवाला निळा फायटर आला की बाजूला काढून ठेवायचा. सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक, सगळे मूग गिळून गप्प. एकदा भावजींनी फोटो मागितला. ह्यांनी काढलेला फोटो तो, हललेला, निम्मा आरसा आणि निम्मा मासा. "शेपटी लांब झाली रे दादा," भावजी म्हणाले. "वयानं होते," हे म्हणाले. मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

हसण्यावारी नेलं खरं, पण ती खिडकीजवळची खुर्ची बघवत नव्हती. दुकानात गर्दी असली, बाकावर माणसं दाटीवाटीनं बसली, तरी तिच्यावरची चादर निघायची नाही. एक चांगला कारागीर काम मागायला आला होता, हात बघितला ह्यांनी, पसंतही पडला. "खुर्ची रिकामी नाही," म्हणून परत पाठवला. तो त्या चादरीकडे बघत बघत गेला. एकट्यानं उभं राहून राहून ह्यांचा उजवा खांदा आखडला. हात डोक्याच्या वर जाईना. उंच माणूस आला की हे त्याला म्हणायचे, जरा खाली सरकून बसा. मी तेल चोळून द्यायचे आणि बडबडायचे, सांगा ना भावाला, ये म्हणावं आता. "त्याला कळत नाही का," हे म्हणायचे. "त्याचं त्याला वाटलं पाहिजे."

परवा चौथा मासा गेला. ह्यांनी वाटी घेतली, चपला पायात सरकवल्या. आणि माझा मात्र संयम सुटला. मी दारातच उभी राहिले.

"कुठे निघालात?"

"तुला माहीत आहे."

"जायचं नाही," मी म्हटलं. "मासा असेपर्यंत येतो म्हणाला होता ना तो? मग मासा गेला, तर त्याला यावं लागलं असतं. तुम्ही मासा जाऊच दिला नाहीत. दर वेळी नवी मुदत दिलीत त्याला. यायचा कसा तो?"

हे माझ्याकडे बघत राहिले. मग गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले. वाटी मांडीवर, तिच्यात तो निळा जीव. मग वाकून एक चप्पल काढली, मग दुसरी. मला वाटलं, मी बोलले ते ह्यांना फार लागलं, पण परत घेतलं नाही मी.

मासा आम्ही दारातल्या कुंडीत पुरला. दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मास्तरच होते. ह्यांनी सवयीनं पुठ्ठा काढला. आरशात नुसतं पाणी दिसलं. मास्तरांचा चष्मा काढलेला होता, तरी त्यांनी मान वळवून बरणीकडे पाहिलं आणि गाल पुन्हा पुढे केला. ह्यांनी दाढी केली. त्या दाढीत दोनदा थांबले.

सुट्टीच्या दिवशी फोन आला. खांद्यामुळे ह्यांना फोन कानाला धरवत नाही, म्हणून फळीवर ठेवून मोठ्या आवाजात लावतात. मी पडदा धरून उभी.

"दादा, मासा कसा आहे?"

"गेला," हे म्हणाले.

तिकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"कधी?"

"तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी."

मला वाटलं, भावजी विचारतील, मग इतकी वर्षं तो कोण होता. ते म्हणाले, "माहीत आहे, दादा. फोटो पाठवलास ना, तेव्हाच कळलं. माझ्या माशाच्या कल्ल्याखाली पांढरा ठिपका होता."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तू नवा आणून ठेवलास. मला वाटलं, दादा सांगतोय, सावकाश ये, इथे अडलेलं नाही काही."

ह्यांनी डोळे मिटले. "तुझा शब्द खोटा पडू नये म्हणून आणत होतो रे," हे म्हणाले. मग जरा थांबून, "माझा खांदा आखडलाय. पण ते सोड. खांदा चांगला असता तरी हेच म्हणालो असतो. तू ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, असलं वाक्य ह्यांच्या तोंडून मी कोणाबद्दल ऐकलं नव्हतं. माझ्याबद्दल तर नाहीच. खरं सांगते, मला जरा रागच आला. आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच.

भावजी हसत होते की रडत होते ते फोनवर कळत नव्हतं. "माझा करार संपत आलाय," ते म्हणाले. "नव्यावर सही कर म्हणून मागे लागलेत. नाही म्हणून सांगतो त्यांना. खुर्ची आहे ना?"

"आहे."

"माझीच?"

"मग कोणाची असणार?"

फोन संपल्यावर ह्यांनी खिडकीजवळच्या खुर्चीवरची चादर काढली. इतक्या वर्षांची घडी तिच्यावर उमटलेली. खुर्ची पुसली, तिच्या पायाला तेल सोडलं, फिरवून बघितली. बरणी धुऊन पालथी घातली. पुठ्ठा बाजूला काढला आणि त्या खुर्चीत स्वतः बसले. हे आयुष्यभर आरशासमोर उभे राहिले, पण बघायचं ते गिऱ्हाइकाकडे. दुसऱ्यांचे केस रंगवून दिले, स्वतःच्या डोक्याला कधी ब्रश लावला नाही. आता समोर त्यांना पांढरं डोकं दिसत होतं, खाली वाकलेला एक खांदा, आणि गालावर ती बारीक खूण.

"मी फारच बदललो गं," हे म्हणाले. "त्याला ओळखू येईन ना मी?"

"इकडे बघा," मी म्हटलं. "त्या हललेल्या फोटोत ज्यानं ओळखलं की हा मासा आपला नाही, तो तुम्हाला ओळखणार नाही?"

ह्यांनी उठून खुर्ची पुन्हा एकदा पुसली. पुठ्ठा मात्र त्यांनी परत लावला नाही.