खिलारबाईंबरोबर पाटोद्याला

"पाटोद्याला जायचंय. येशील का?" फ्रान्सच्या एका माजी शिक्षणमंत्र्यांचा असा फोन, तोही मराठीत, आला तर नाही कोण म्हणेल? मी पुण्यात फ्रेंच शिकवते. तिकडे शिकायला गेले होते तेव्हा परक्या गावात क्लेर मॅडमनीच मला सांभाळलं होतं. मी लगेच रजा टाकली.

दसऱ्याच्या आधी निघालो. पुण्याहून नगर, जामखेड आणि मग पाटोदा. पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता. जामखेड मागे पडलं की बालाघाटाचे डोंगर सुरू होतात, आणि या दिवसांत रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. थांबा आणि घ्या, पुण्यात अशी मिळत नाहीत.

सीताफळ खाता खाता मॅडम जुनं सांगत होत्या. तरुणपणी त्या जात्यावरच्या ओव्यांचा अभ्यास करायला पाटोद्याजवळच्या एका गावात राहिल्या होत्या, ऊसतोडीला जाणाऱ्या कौसाबाईंच्या घरी. 'क्लेर' कुणाच्या तोंडात बसेना, तेव्हा खिल्लार बैलांवरून गावानं त्यांना 'खिलारबाई' करून टाकलं. दिवाळीनंतर कौसाबाई कारखान्यावर निघाल्या. चौथीतली मंगलही शाळा सोडून आईबरोबर निघाली होती. मॅडम म्हणाल्या, हिला माझ्याजवळ राहू द्या. मग हंगाम संपेपर्यंत त्या दोघींनीच घर चालवलं.

मॅडम मायदेशी परतून प्राध्यापक झाल्या. पुढे निवडणुका लढवत संसदेत गेल्या आणि शिक्षणमंत्री झाल्या. पिकांमागे फिरणाऱ्या मजुरांच्या मुलांची शाळेतली जागा राखायची, त्यांच्या राहण्याची सोय करायची, हा नियम त्यांनी आणला. नंतर त्यांच्याच सरकारनं खेड्यांतल्या छोट्या शाळा बंद करायचं ठरवलं. त्यांनी सही केली नाही, राजीनामा दिला. पुढची निवडणूक हरल्या.

"मंगलचं काय झालं, कळलंच न्हाई," खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या. "एक हंगाम ठेवून घेतलं अन् निघून गेले. उगीच आस लावली का तिला?"

पाटोद्यात एका खानावळीत बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि झणझणीत पिठलं जेवलो. पुण्याच्या मानानं खूपच स्वस्त. मालकाला गावाचा रस्ता आणि कौसाबाईंचं घर विचारलं तेव्हा कळलं, कौसाबाई वारल्या. "मंगलताई हायत की. शाळेत बघा, तिथंच असतात."

मॅडम पुढे फारसं जेवल्या नाहीत.

शाळेच्या पडवीत पन्नाशीच्या एक बाई गव्हाची पोती उतरवून घेत होत्या. गाडीतून उतरणाऱ्या पांढऱ्या केसांच्या परदेशी बाईंकडे त्यांनी नुसतं बघितलं. मग हात पदराला पुसत जवळ आल्या.

"बाई? खिलारबाई?"

मॅडमनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मंगलताईंनीच त्यांना धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"आई लई आठवण काढायची तुमची," त्या म्हणाल्या.

"मी गेल्यावर तुझी शाळा सुटली असंल ना?"

"न्हाई ओ. त्या साली तुमी ठेवून घेतलं, तवा आईला कळलं, लेकरू मागं ऱ्हाऊ शकतंय. मग दरसाली मला मावशीकडं ठेवलं तिनं. धा वर्गं शिकले. लग्नानंतर मीबी कोयता घेऊन गेलते, पण माझी लेकरं न्हाई नेली."

आता त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य आहेत. आईबाप ऊसतोडीला गेले की त्यांची मुलं शाळेतच राहतात, जेवतात. त्या सगळ्याचं मंगलताई बघतात. पोती त्यासाठीच आली होती.

मॅडमनी मंत्रिपद कसं मिळालं आणि सोडलं ते सांगितलं, आपल्या नियमाबद्दलही सांगितलं. "लिहिताना डोळ्यांपुढं तूच होतीस."

मंगलताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंत्रिपद कावून सोडलं?"

"खेड्यातल्या शाळा बंद करायला सही मागत होते. केली न्हाई."

"बरं केलं."

राजीनाम्यावर तिकडच्या वर्तमानपत्रांत पानंच्या पानं छापून आली होती, मी तेव्हा तिकडेच होते, ती वाचली आहेत. मॅडमचा चेहरा इतका मोकळा झालेला मात्र तेव्हा कधी दिसला नव्हता.

निघायला संध्याकाळ झाली. पाटोद्यात राहण्याची सोय साधीच आहे, म्हणून मुक्काम बीडला केला. वाटेत मांजरसुंब्याला रबडी खाल्ली. ती चुकवू नका. मॅडमनी दुसरी वाटीही मागवली.

पुण्यात परत आल्यावर वर्गात उभी राहिले की तो ओटा आठवतो. आपल्या हातात एखादं मूल जेमतेम वर्षभर असतं. तेवढ्यानं काय होणार, असं मी पूर्वी सहज म्हणून जायचे. आता म्हणवत नाही. मॅडमनी मला सोबत नेलं, याचे आभार कसे मानावेत ते अजून सुचलेलं नाही.

दिवाळी सरली आणि एका सकाळी मंगलताईंचा फोन आला. मागून ताटांचा आवाज येत होता.

"बाईंना सांगा," त्या म्हणाल्या, "ऊसतोडीच्या टोळ्या काल गेल्या. लेकरं हितंच हायत."