दाऊदभाईंची तीन औंसांची काठी

सलमाचा फोन आला तेव्हा मी दुबई मरीनातल्या मुलाच्या घरी जेवून नुकताच आडवा झालो होतो. "अंकल, अब्बा इज नो मोर," एवढंच बोलली आणि रडायला लागली. दाऊदभाई गेले... वय नव्वदीला टेकलेलं, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, म्हणजे धक्का बसावा असं काही नव्हतं. लोकही मला तेच सांगतात. सांगू देत. साठ वर्षांचा दोस्त गेल्यावर त्याचं वय कोण मोजत बसतं? अबुधाबीला जाऊन मी माती दिली आणि परत आलो. आता सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय, कारण मध्यंतरी एक गोष्ट कळली आणि ती पोटात ठेवून मला मरायचं नाही.

साठच्या दशकात आम्ही दोघं दुबईच्या देऱ्यात, खाडीच्या काठावर एका दुकानात नोकरीला होतो. दोघंही रत्नागिरीकडचे, दर्यावर वाढलेले. दुकानात दोरखंड, डांबर, नांगर, गळ असं बोटींना लागणारं सगळं मिळायचं. मी चिठ्ठ्या-पावत्या लिहायचो, दाऊदभाई माल बघायचे. उन्हाळ्यात विलायतेला सुट्टीवर जाणारे साहेबलोक आमच्याकडे कॅटलॉग चाळून मासेमारीचं सामान मागवायचे. त्यांचा मासा म्हणजे ट्राउट, डोंगरातल्या गार ओढ्यात राहणारा. त्याला आमिष नाही, गळाला पिसं बांधून केलेली खोटी माशी अलगद पाण्यावर सोडायची. मला हा सगळा रिकामटेकड्यांचा खेळ वाटायचा. आमच्याकडे सुरमई ओढताना हात सोलून निघायचे, आणि ही मोठी माणसं पिसं कसली बांधतात? दाऊदभाईंना मात्र वेडच लागलं. सर्व्हे ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या साहेबाने त्यांना सगळं शिकवलं आणि दोन वर्षांत बाकीचे साहेबलोक त्यांचा सल्ला घ्यायला लागले. जन्मात ट्राउट न पाहिलेला माणूस बोलतोय आणि गोरे लोक निमूट ऐकतायत, हे मी रोज बघायचो.

गिऱ्हाईक आलं की ते आधी गळाची काठी दाखवायचेच नाहीत. विचारायचे, "साहेब, युवर स्ट्रीम... वन जंप ऑर टू जंप?" एका उडीत ओलांडता येईल असा ओढा असेल तर नऊ फुटी काठी कपाटातून बाहेरच यायची नाही. असल्या ओढ्यावर झाडं अंगावर येतात, लांब काठी फांद्यांत अडकते. दोरी जड असली तर पाण्यावर आपटते आणि मासा दगडाखाली पळतो. म्हणून सात फुटी, तीन औंसांची काठी, बारीक रेशमी दोरी, आणि रीळ एवढंच की तोल राहील. सगळं जोडून झालं की ते काठी एका बोटावर आडवी ठेवायचे. ती जराशी झुकली तरी रीळ बदलायचे. "जो वजन हात को मालूम पडा, वो गलत वजन," असं त्यांचं म्हणणं. शेठ कुरकुरायचा, कारण गिऱ्हाइकाने काढलेलं अर्धं सामान दाऊदभाई परत ठेवायला लावायचे.

स्वतःसाठीही त्यांनी तसंच निवडून निवडून चार वर्षांत सगळं जमवलं. काश्मीरसाठी. आपल्या काश्मिरातल्या ओढ्यांतही ट्राउट आहे, हे त्या साहेबानेच त्यांना सांगितलं होतं. दाऊदभाईंचा मावसभाऊ तेव्हा तिकडे सरकारी नोकरीत होता. त्याने त्या उन्हाळ्याचा परवाना काढून ठेवला होता, आणि लगेच पुढे त्याची बदली व्हायची होती. म्हणजे जायचं तर याच सुट्टीत, नाहीतर कायमचं राहिलं. एरवी मोजकं बोलणारा हा माणूस त्या दिवसांत चहाचा ग्लास हातात धरून काश्मीरच बोलायचा.

सुट्टीला तीन आठवडे उरले असताना, फुजैराच्या डोंगरात एका वादीला, म्हणजे तिथल्या ओढ्याला, बाराही महिने पाणी असतं तिथे काठी आजमावून बघायचं ठरलं. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "हसन, दोरीला जरा हात फिरवून ठेव." ती दोरी पाण्यावर तरंगायला हवी, म्हणून तिला एक खास मलम अगदी पुसटसं लावायचं असतं. मलमाची डबी मला सापडली नाही. मग मी काय करावं? आमच्याकडे होडी असो की दोर, टिकवायचं तर मुशीचं, म्हणजे शार्कचं, तेल. इथल्या खाडीतल्या लाकडी बोटींनाही तेच चोपडतात. मी ती रेशमी दोरी वाटीभर तेलात बुडवून ठेवली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय... पण केलं ते मायेनेच.

शुक्रवारी दुकानाच्या लँड रोव्हरने आम्ही वादीत पोचलो. पाणी नितळ, त्यात बोटाएवढे मासे. दाऊदभाईंनी काठी मागे नेऊन पुढे सोडली. दोरी सरळ गेली, पाण्यावर पडली आणि तेल पिऊन जड झालेली ती पडल्या पडल्या बुडाली. पुन्हा टाकली, पुन्हा बुडाली. त्यांनी ती ओढून घेतली, चिकट झालेली बोटं नाकाशी नेली.

"मुशीचं तेल?"

"हो, भाई."

त्यांनी दोरी रिळावर गुंडाळायला घेतली.

"खलास झाली का दोरी?" मी विचारलं.

"अरे, धुतली की होईल नीट. नाहीच झाली तर साहेबाची जुनी दोरी घेऊन जातो. यल्ला, डबा उघड, भूक लागली."

नवी दोरी विलायतेहून यायला तीन महिने लागायचे. सुट्टीवरून ते परत आले तेव्हा मी पहिला प्रश्न ट्राउटचाच विचारला. त्यांनी रंगवून सांगितलं... अंगावर तांबडे ठिपके, पाणी असं की गुडघ्यांना मुंग्या येतात, मासा ओढतो तेव्हा काठी कोपरापर्यंत थरथरते. मी सुटलो. पुढची साठ वर्षं त्या तेलावरून मीच त्यांना हसवलं, आणि तेही हसले.

गेल्या आठवड्यात सलमाने मला अबुधाबीला, अल रीमच्या घरी बोलावलं. एक कापडी पिशवी हातात दिली, "अब्बा सेड, धिस इज फॉर हसन अंकल." आत ती काठी होती. मी सहज म्हटलं, काश्मीरला नेलेली हीच ना. पोरगी चमकून म्हणाली, "बट अंकल, अब्बा नेव्हर वेंट टु काश्मीर. अम्मी सांगायची ना, ती पूर्ण सुट्टी अब्बा पडवीत बसून कसली तरी दोरी साबणाने धूत होते."

ते तांबडे ठिपके, त्या गुडघ्यांच्या मुंग्या सगळं साहेबाच्या गप्पांमधलं होतं, दुकानात मीही ऐकलेलं. आणि खरं सांगायचं तर... आम्ही वादीत गेलो त्याच्या आठवडाभर आधीच साहेब सगळं सामान घेऊन विलायतेला गेला होता. त्या सामानाच्या बांधणीची पावती मीच लिहिली होती. साहेबाची दोरी घेतो, हे दाऊदभाईंनी माझ्यासाठी म्हटलं, आणि मी ते माझ्यासाठी खरं मानलं. साठ वर्षांत एकदाही विचारलं नाही, की भाई, कुठली दोरी?

काठी आता माझ्या खोलीत आहे. काल जोडून बोटावर ठेवली. काठी झुकली नाही. मग रिळावरची दोरी वीतभर ओढून बघितली. अजून चिकटते. दाऊदभाई, त्या दिवशी वादीत माझ्या एक कानाखाली वाजवली असतीत, तर मी आज एवढा रडलो नसतो.